परवान्यावर ‘.३२ बोअर’च का? पिस्तुलाच्या गोळीचे माप ठरवणाऱ्या जॉन ब्राउनिंगची गोष्ट

निवडणुकीची आचारसंहिता लागली, की परवानाधारकांनी शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचा विषय निघतो. गाव वाशिम जिल्ह्यातील जऊळक्याएवढे असो की शहर पुण्याएवढे, परवान्यावर पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरच्या पुढे बहुतेक वेळा एकच आकडा दिसतो : .३२ बोअर. चित्रपटातल्या नायकाकडे मात्र ‘नाइन एमएम’ असते आणि हॉलीवूडच्या पोलिसाकडे ‘फॉर्टी-फाइव्ह’. मग साध्या नागरिकाच्या वाट्याला .३२च का? ते कमी दर्जाचे असते का? अर्धे उत्तर भारताच्या शस्त्र कायद्यात आहे. उरलेले अर्धे अमेरिकेतील उटा प्रांतात जन्मलेल्या एका कारागिराच्या आयुष्यात आहे. त्याचे नाव जॉन मोझेस ब्राउनिंग.

हे नाव महाराष्ट्राला नवे नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे या अठराच्या आसपास वय असलेल्या तरुणाने गोळ्या झाडल्या. तपासाचा धागा लंडनपर्यंत गेला. सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत हिंदुस्थानात पाठवलेली २० ब्राउनिंग पिस्तुले खटल्यात गाजली. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. मराठीतल्या क्रांतिकारकांच्या चरित्रांमध्ये ‘ब्राउनिंग’ हा शब्द तेव्हापासून येतो, पण तो एखाद्या कंपनीचा शिक्का असावा असाच वाचला जातो. प्रत्यक्षात तो एका जिवंत माणसाचे आडनाव होता. नाशिकचा खटला चालू होता तेव्हा हा माणूस पंचावन्न वर्षांचा होता.

भंगारातली पहिली बंदूक

जॉनचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी ऑग्डेन या गावात झाला. वडील जोनाथन बंदुका बनवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर. मॉर्मन पंथाचे. तीन बायका, २२ मुले. त्यांनी स्वतःही एक वेगळी, एकामागून एक गोळ्या झाडता येणारी रायफल तयार केली होती. पश्चिमेकडच्या त्या वस्तीत लोहारकाम आणि बंदूककाम वेगळे नव्हते. जे मोडेल ते याच दुकानात यायचे आणि जॉन त्या ढिगाऱ्यातच मोठा झाला. मोडक्या बंदुकीची नळी, लाकडाची फळी, तार आणि पत्र्याचा तुकडा यांतून त्याने पहिली बंदूक बनवली तेव्हा तो दहा वर्षांचा होता. भाऊ मॅटला घेऊन त्याने तिने पक्षीही मारून आणले.

शाळा लवकर सुटली. पुढे आयुष्यभर त्याने सविस्तर आराखड्यांवर फारसा भर दिला नाही. कागदावर ओबडधोबड रेघा ओढायच्या आणि थेट धातू कापायला घ्यायचा, ही त्याची पद्धत. आजच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने असे काम व्हायव्हात दाखवले, तर त्याचे काय होईल हे सांगायला नको. ब्राउनिंगच्या नावावर मात्र १२८ पेटंट जमा झाली.

१८७९ या एकाच वर्षात त्याचे लग्न झाले, वडील गेले आणि पहिले पेटंट मिळाले. भावांच्या मदतीने त्याने ऑग्डेनमध्ये छोटा कारखाना टाकला. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीचा अधिकारी टी. जी. बेनेट स्वतः तिथे येऊन थडकला आणि त्या रायफलचे हक्क ८,००० डॉलरना घेऊन गेला. पुढची जवळपास वीस वर्षे विंचेस्टरच्या गाजलेल्या रायफली आणि शॉटगन ब्राउनिंगच्या डोक्यातून आल्या. हा काळ बंदुकांच्या शौकिनांना तोंडपाठ असतो. पिस्तुलाच्या मापाचा प्रश्न त्यानंतर आला.

त्याचे मूळ १८८९ च्या सुमाराच्या एका साध्या निरीक्षणात आहे. गोळी सुटली की नळीच्या तोंडातून निघणाऱ्या वायूने समोरचे गवत आडवे होते, हे त्याच्या लक्षात आले. गोळी पुढे ढकलून झाल्यावरही इतका जोर शिल्लक राहत असेल, तर तो वाया का घालवायचा? त्या जोरानेच रिकामे काडतूस बाहेर फेकता येईल आणि नवे आत ढकलता येईल. आधी यातून मशिनगन झाली. नंतर तोच विचार, म्हणजे बंदुकीने स्वतःच्या ताकदीवर स्वतःला भरणे, मुठीत मावणाऱ्या शस्त्रात उतरवण्याच्या मागे तो लागला.

माप आधी की यंत्रणा आधी?

बोअर किंवा कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीच्या आतला व्यास. .३२ म्हणजे इंचाचा बत्तीस शतांश भाग, साधारण ८ मिलिमीटर. पण हे आकडे गणितातले कमी आणि दुकानाच्या पाटीवरचे जास्त असतात. .३२ पिस्तुलाची गोळी युरोपात ७.६५ मिमी म्हणून विकली गेली. ‘.३८’ म्हणवणाऱ्या रिव्हॉल्व्हरची गोळी मोजली तर .३५७ इंच भरते. व्यास सारखा असला म्हणून काडतूस एकच असेल असेही नाही. ब्राउनिंगचे .३८० आणि लष्करातले ९ मिमी यांच्या गोळीचा व्यास जवळपास एकच आहे. पहिल्याची पितळी नळी १७ मिमी लांब, दुसऱ्याची १९ मिमी. दारू आणि दाब मात्र दुसऱ्यात बराच जास्त.

हा दाबच सगळ्याच्या मुळाशी आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी सुटते तेव्हा काडतूस जागचे हलत नाही. ऑटोमॅटिक पिस्तुलात मागचा भाग, म्हणजे स्लाइड, प्रत्येक गोळीला मागे सरकते. ती फार लवकर सरकली तर दाब उतरण्याआधीच काडतूस उघडे पडेल आणि फाटेल. यावर ब्राउनिंगने दोन उपाय काढले. काडतूस कमी ताकदीचे असेल, तर स्लाइडचे वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच काम भागते. असे पिस्तूल स्वस्त, सुटसुटीत आणि हलके होते. काडतूस जोरकस असेल, तर नळी आणि स्लाइड काही क्षण एकमेकांत अडकवून सोबत मागे न्यावी लागतात. दाब उतरला की नळी खाली झुकून सुटी होते. ही दुसरी रचना थोड्याफार फरकाने आजच्या बहुतेक लष्करी पिस्तुलांत सापडते. म्हणजे माप निवडणे ही फक्त किती मोठी गोळी हवी याची निवड नसते. मापासोबत यंत्रणा, वजन, किंमत आणि धरणाऱ्याचा हात या सगळ्या गोष्टी ठरतात.

पहिल्या रचनेला पेलेल अशी गोळी म्हणून .३२ एसीपी जन्माला आली. १८९७ मध्ये बेल्जियममधील लिएजजवळच्या हर्स्टाल येथील एफएन कारखान्याशी ब्राउनिंगचा करार झाला. १८९९-१९०० मध्ये हे पिस्तूल बाजारात आले आणि लाखोंनी खपले. फ्रेंच भाषेत ‘ब्राउनिंग’ हे पिस्तुलाचे सामान्यनामच होऊन बसले. अमेरिकेची बाजारपेठ कोल्ट कंपनीकडे आणि युरोपची एफएनकडे, अशी वाटणीही ठरली. १९०२ मध्ये रॉयल्टीवरून विंचेस्टरशी बिनसल्यावर बेल्जियम हे त्याचे दुसरे घरच झाले.

प्रत्येक कामाला वेगळी गोळी

इथून पुढच्या दहा-बारा वर्षांत ब्राउनिंगने जे केले, ते आजही शस्त्र निवडणाऱ्याला उपयोगी पडेल असे आहे. एकच गोळी सगळ्यांच्या माथी मारायची नाही, हे त्याचे सूत्र होते. कोटाच्या आतल्या खिशात मावणाऱ्या चिमुकल्या पिस्तुलासाठी त्याने .२५ काढली. ताकद .२२ एवढीच, मग वेगळे काडतूस कशाला? कारण .२२ मध्ये ठिणगी पाडणारा मसाला काडतुसाच्या कडेत भरलेला असतो. तो कधीकधी पेटत नाही आणि ती कड मॅगझिनमध्ये अडकते. .२५ मध्ये हा मसाला मधोमध गेला. जीव वाचवायला खिशात ठेवलेले शस्त्र ऐनवेळी फुसके निघू नये, इतकाच हेतू.

१९०८ मध्ये .३८० आली. हिची गंमत अशी, की .३२ च्याच आकाराच्या पिस्तुलात ती बसते. कोल्टच्या खिशातल्या पिस्तुलात .३२ च्या आठ गोळ्या बसायच्या, .३८० च्या सात. थोडा जोर वाढला, एक गोळी कमी झाली. मापाच्या निवडीत काही मिळवायचे तर काही सोडावे लागते, ते इथे मॅगझिनमध्ये बोटावर मोजता येते.

अमेरिकी लष्कराची मागणी मात्र वेगळी होती. फिलिपाइन्समधील मोरो लढवय्यांशी लढताना त्यांची .३८ रिव्हॉल्व्हर अपुरी पडली, अशी तक्रार होती. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातील जनावरांवर आणि मृतदेहांवर प्रयोग केले आणि .४५ पेक्षा लहान गोळी नको असा अहवाल दिला. नमुना तोकडा, पद्धत ढोबळ. आजच्या कोणत्याही प्रयोगशाळेत ते टिकणार नाहीत. पण माप ठरले. ब्राउनिंगने .४५ एसीपी आणि तिच्यासाठी अडकणाऱ्या नळीचे पिस्तूल तयार केले. मार्च १९११ च्या चाचणीत त्यातून ६,००० गोळ्या झाडल्या. तापले की पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा चालू करायचे. ते एकदाही अडले नाही. २९ मार्च १९११ रोजी लष्कराने ते स्वीकारले आणि १९८५ पर्यंत तेच त्यांचे अधिकृत पिस्तूल राहिले.

१९८५ मध्ये मात्र त्याच लष्कराने .४५ सोडून ९ मिमी घेतली. कारण समजायला थोडे आकडे पाहावे लागतील. .४५ ची नेहमीची गोळी सुमारे १५ ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण २५७ मीटर. ९ मिमीची गोळी साडेसात ग्रॅमच्या आत, वेग साधारण ३६० मीटर. दोघींची ऊर्जा काढली, तर जवळपास सारखीच येते : ४८० ते ४९० ज्यूल. पण हाताला बसणारा झटका ऊर्जेपेक्षा संवेगाशी, म्हणजे वजन गुणिले वेग याच्याशी, जास्त बांधलेला असतो. तिथे ९ मिमीचा आकडा सुमारे २.७ आणि .४५ चा ३.८ येतो. तेवढ्याच ऊर्जेसाठी मनगटाला जवळपास दीडपट धक्का. त्यात ९ मिमीच्या गोळ्या मॅगझिनमध्ये जास्त मावतात आणि नाटो देशांत तेच माप चालते. .३२ ची गोळी ४.६ ग्रॅमची, ऊर्जा साधारण १७५ ते १८० ज्यूल आणि संवेग १.३. ताकद कमी, हे उघड आहे. पण वर्षातून एकदाही सरावाला न जाणाऱ्या परवानाधारकाच्या हातात मोठ्या झटक्याचे शस्त्र दिले, तर पहिल्या गोळीलाच डोळे मिटतात आणि दुसरी कुठे जाईल याचा नेम नसतो. ‘मोठे माप म्हणजे जास्त सुरक्षा’ हा हिशेब इथेच चुकतो.

ज्या गोळ्या इतिहासात गेल्या

ब्राउनिंगच्या कामाची दुसरी बाजू झाकण्यासारखी नाही. खिशात मावते म्हणून जे शस्त्र घरमालक आणि प्रवासी घेत होते, तेच लपवता येते म्हणून राजकीय हत्यांमध्येही वापरले गेले. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेल्या गोळ्या एफएनच्या १९१० मॉडेलमधून सुटलेल्या, .३८० मापाच्या होत्या. त्यातून पेटलेल्या पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला ब्राउनिंगच्याच मशिनगन लागल्या. त्याने त्यांचे हक्क सरकारला ७,५०,००० डॉलरना दिले. रॉयल्टी धरली असती, तर याच्या कितीतरी पट रक्कम मिळाली असती.

चंद्रशेखर आझाद यांचे प्रयागराजच्या संग्रहालयातील पिस्तूल म्हणजे कोल्टचे .३२, रचना ब्राउनिंगची. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी आल्फ्रेड पार्कमध्ये ते त्यांच्या हाती होते. १९२८ मध्ये लाहोरला सँडर्सवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा खेडचे शिवराम राजगुरू यांच्यासोबत असलेल्या भगतसिंगांकडेही .३२ कोल्टच होते. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली ते बेरेटा पिस्तूल इटलीचे. काडतुसाला तिथे ‘नऊ मिमी कोर्तो’ म्हणत. नाव बदलले तरी ते ब्राउनिंगचे .३८०च.

खेळासाठी सगळ्यात लहान

१९१५ मध्ये कोल्टने ब्राउनिंगचे .२२ पिस्तूल बाजारात आणले. ते लढाईसाठी नव्हते, निशाणेबाजीसाठी होते. कागदी लक्ष्याला भोक पाडायला ऊर्जा लागत नाही. हात न हलणे लागते. .२२ चा झटका नगण्य, गोळी स्वस्त, दिवसाला शेकडो झाडता येतात. आजही २५ मीटर पिस्तूल या ऑलिंपिक प्रकारात .२२च चालते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले. दहा मीटरच्या प्रकारात तर दारूही नसते, ४.५ मिमीचा छर्रा हवेच्या दाबावर सुटतो. २५ मीटर सेंटर फायर प्रकारात मोठे माप लागते. तिथे खेळाडूंची पसंती बहुधा .३२ रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला असते.

इथे एक इशारा हवा. .३२ रिव्हॉल्व्हरचे काडतूस आणि .३२ पिस्तुलाचे काडतूस एक नव्हे. रिव्हॉल्व्हरचे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे ब्राउनिंगच्या आधीचे आहे. ते लांब असते आणि त्याला ठळक कड असते. पिस्तुलाचे .३२ एसीपी आखूड. दोन्हींवर ३२ लिहिलेले असले तरी एकाचे दुसऱ्यात वापरायचे नसते. काडतूस घेताना फक्त ‘बत्तीसची द्या’ म्हणून भागत नाही.

मग कायदा काय म्हणतो?

१९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम गोळीची ताकद मोजत बसत नाहीत. त्यांचा प्रश्न साधा आहे : या शस्त्रात सरकारी दलांची गोळी चालते का? .३८० आणि .४५५ ची कडेची काडतुसे, लष्करी ९ मिमी किंवा .४५ ज्यात बसते, असे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोअरमध्ये जाते. त्याला केंद्र सरकारची विशेष परवानगी लागते. (यातली .३८० म्हणजे जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरची गोळी, ब्राउनिंगची नव्हे. नावांचा घोळ कायद्याच्या पुस्तकातही पोहोचला आहे.) हेतू असा, की सरकारी साठ्यातून फुटलेली गोळी खासगी शस्त्रात चालू नये. .३२ या यादीच्या बाहेर राहिली, कारण ती इथे लष्कराची गोळी नाही. कानपूर आणि ईशापूरच्या सरकारी कारखान्यांनी मग नागरिकांसाठी .३२ रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुले बनवली. १८६९ पासून चालणाऱ्या पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्याचा ‘केएफ’ शिक्का .३२ च्या काडतुसांवर दिसू लागला.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षे झाली. दोनच ठेवायची, तर निवड कामानुसारच करावी लागते. वाशिम जिल्ह्यातील शेतकऱ्याला रोही आणि रानडुकरांपासून सोयाबीन-तूर राखायची असेल, तर पिस्तुलाचा कोणत्याही मापात उपयोग नाही. कायद्यातच पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची आणि स्वसंरक्षणासाठी लांब नळीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. रानात जनावर मारायला वनखात्याची परवानगी लागते, ती शस्त्र परवान्यात धरलेली नसते.

शेवटचे पिस्तूल

आयुष्याच्या अखेरीस ब्राउनिंग पुन्हा लष्करी पिस्तुलाकडे वळला. फ्रान्सला जास्त गोळ्यांचे पिस्तूल हवे होते. गोळी या वेळी त्याची स्वतःची नव्हती. जर्मनीच्या गेओर्ग लुगरची ९ मिमी घेऊन त्याने काम सुरू केले. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी एफएनच्या कारखान्यात काम करताना त्याच्या छातीत दुखू लागले. मुलगा व्हॅल याच्या कार्यालयात त्याला आडवे केले आणि तिथेच त्याचा मृत्यू झाला. वय ७१. पार्थिव ऑग्डेनला नेण्यात आले.

अर्धवट राहिलेले पिस्तूल दियूदोने सेव्ह या बेल्जियन सहकाऱ्याने १९३५ मध्ये पूर्ण केले. मॅगझिनमध्ये १३ गोळ्या मावणारे हे पिस्तूल ‘हाय पॉवर’ नावाने जगभर गेले. दुसऱ्या महायुद्धात ते कॅनडात तयार झाले आणि त्याच्याच बेतावर पुढे ईशापूरच्या कारखान्यात भारतीय सैन्याचे ‘९ मिमी वन-ए’ बनू लागले. ठाण्यात आपले .३२ जमा करून पावती घेणाऱ्या परवानाधारकासमोरच्या पोलीस अधिकाऱ्याच्या कमरेला ९ मिमी असेल, तर ते बहुधा याच कुळातले.